पुसलेली ओळ

माहिती अधिकाराच्या कायद्यात, कलम ८(१)(ञ) खाली, एक ओळ होती. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणाही माणसाला नाकारता येणार नाही. म्हणजे दिल्लीतला खासदार आणि गावकुसाबाहेरचा मी, माहितीपुरते तरी एका पंगतीत. अशा ओळी या देशाच्या कायद्यात किती सापडतात, शोधा.

ती ओळ पुसली. पुसली कोणी? संसदेनंच.

२०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचं विधेयक आलं. नाव डेटाचं, अन् पार शेपटाला, कलम ४४(३) मध्ये, माहिती अधिकारावर सुरी. मणिपूरवरून सभागृहात घोषणा चालू होत्या. त्या गोंधळातच ७ ऑगस्टला लोकसभेत आवाजी मतदानानं पास. ९ ऑगस्टला राज्यसभा, विरोधक सभात्याग करून बाहेर. खलास. २०१९ मध्येही तेच. १९ जुलैला विधेयक मांडलं, २५ जुलैपर्यंत दोन्ही सभागृहांतून पार. प्रवर समितीकडे पाठवा म्हणणाऱ्यांना राज्यसभेत ७५ विरुद्ध ११७ मतांनी उडवलं. माहिती आयुक्तांचा पगार आणि मुदत सरकारच्या मुठीत गेली. आठवडाही लागला नाही.

घटना समितीनं फार वेळ खाल्ला अशी ओरड तेव्हाही झाली होती. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला हिशेबच समोर टाकला: सुमारे ७६३५ दुरुस्त्या आल्या, २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. वेळ कशात गेला ते त्यांना सांगता येत होतं. यांनी वेळ कशात वाचवला, ते सांगावं.

म्हणतात, माणसाचं खाजगीपण जपायला नको का? जपा की! जुन्या कलमात ते होतंच. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली वैयक्तिक माहिती देऊ नये, असं लिहिलेलंच होतं. आता ती अट गेली, नुसता 'वैयक्तिक' शब्द उरला. मंत्री कलम ८(२) दाखवतात: जनहित मोठं असेल तर द्यावी. जनहित मोठं की छोटं हे आधी ठरवणार कोण? ज्याच्या कपाटात कागद आहे, तोच बाबू.

मी एका कचेरीची बिंदुनामावली मागितली होती. राखीव जागांवर कोण बसलंय, कोणत्या दाखल्यावर, एवढंच. चार चकरा झाल्या, पण कागद मिळाला. नाव, जात, रुजू झाल्याची तारीख. अनुशेष बोटावर मोजता आला. ती नवी दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. आता तोच अर्ज घेऊन गेलो तर? नाव वैयक्तिक, जात वैयक्तिक, दाखला वैयक्तिक. आमची जात पाणवठ्यापासून मसणवट्यापर्यंत जाहीर, आणि आमची जागा खाणाऱ्याचा दाखला तेवढा खाजगी!

अर्ज मी टाकणारच आहे. नकार लेखी घेणार, अपिलात जाणार. आणि आमच्या खासदाराला एक पत्र: ७ ऑगस्टला तुम्ही 'हो' म्हणालात की 'नाही'? आवाजी मतदानात कोण काय म्हणालं याची नोंदच होत नाही, हे ठाऊक आहे मला. तरी विचारणार.