पिष्टाचे प्लॅस्टिक, ज्वारीचा भाव



जेजुरीत २०२४ साली प्राज इंडस्ट्रीजने पिकापासून प्लॅस्टिक बनवण्याचा प्रात्यक्षिक कारखाना सुरू केला. साखर किंवा पिष्ट आंबवून लॅक्टिक आम्ल काढतात, त्याची साखळी जोडून हे प्लॅस्टिक करतात. त्याचे पेले होतात, शस्त्रक्रियेचे विरघळणारे टाकेही होतात. पण ते कुजायला साठेक अंशांची ऊब आणि ओल लागते. माण-जतच्या कोरड्या रानात ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहील. ‘आपोआप कुजते’ म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नका.

पिष्ट आमच्या ज्वारीतही आहे. कापूस आम्ही पिकवला, नफा गिरण्यांनी नेला. ज्वारीचे तसे होऊ देणार नाही. नव्या तंत्राला आमचा विरोध नाही. कच्चा माल मातीमोल देण्याला आहे.