पांढऱ्या घोड्याचं काळं शिंगरू

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिच्यासोबत घोड्यांचा बाजारही भरतो. पांढऱ्या घोड्यापाशी माणूस हमखास रेंगाळतो. नवरदेवाला तोच हवा, मिरवणुकीलाही तोच. पण आपण पांढरा म्हणतो ते बहुतेक घोडे पांढरे जन्मलेलेच नसतात. जन्मतः पांढरा असतो तो नुकरा, त्याची कातडी गुलाबी. बाकीच्यांची मानेवरची लव जरा बाजूला सारा, खाली काळी कातडी दिसेल. म्हणूनच असा घोडा न्हाऊन निघाला की एकदम करडा भासतो.

अशा घोड्याचं शिंगरू काळं, कुमैत किंवा तांबूस असतं. पहिले पांढरे केस बहुधा डोळ्यांभोवती उगवतात. मग अंगावर गोल गोल चट्ट्यांची नक्षी उमटते, तोंड उजळतं, आणि सहा-आठ वर्षांत सारं अंग पांढरं होतं. आयाळ-शेपटीचा काळेपणा काहींच्यात बराच काळ टिकतो. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध अश्वशाळेतले लिपिझानर घोडेही असेच, गडद जन्मून पांढरे झालेले.

आपल्या खिलारच्या वासराच्या माथ्यावरही तांबूस झाक असते आणि काही महिन्यांत ती जाते. तो निव्वळ बाळपणाचा रंग. घोड्याचं प्रकरण त्याहून खोल आहे. 2008 साली स्वीडनमधल्या उप्साला इथल्या शास्त्रज्ञांनी त्याचं मूळ शोधलं. एका जनुकात सुमारे 4,600 अक्षरांचा तुकडा एकाहून जास्त वेळा आलेला असतो. आई किंवा बाप, कुणा एकाकडून तो आला तरी पुरे, शिंगरू पुढे पांढरं होणारच. जगभरच्या अशा घोड्यांमध्ये हा बदल एकाच प्राचीन पूर्वजाकडून आला, असंही त्यांना आढळलं.

या बदलामुळे रंग बनवणाऱ्या पेशींची वाढ बेसुमार होते, असं मानतात. केसांच्या मुळाशी त्यांचा साठा लवकर संपतो आणि केस पांढरे येऊ लागतात. कातडीत मात्र त्या वाढतच राहतात आणि त्यांच्या काळ्या गाठी होतात. पंधरा वर्षांपुढच्या अशा दहांतल्या सुमारे सात घोड्यांना या गाठी असतात. त्या बहुधा शेपटीखाली, गुदद्वाराभोवती, जननेंद्रियांपाशी, ओठांवर किंवा जबड्यामागे येतात. पुष्कळ गाठी वर्षानुवर्षं तशाच राहतात, काही मात्र पुढे शरीरभर पसरतात.

मला काळजी वाटते ती इथेच. वरातीच्या घोड्याला आपण झूल घालतो, तुरा लावतो, गोंडे बांधतो. त्याची शेपटी उचलून पाहायचं कुणाच्या मनातही येत नाही. गाठ दिसली तरी ‘उष्णतेनं आलं असेल’ म्हणून लेप थापला जातो. घोडा बोलत नाही. लीद टाकताना त्रास होऊ लागतो तेव्हा कुठे मालकाचं लक्ष जातं, आणि तोवर गाठ लहान असताना काढून टाकण्याची वेळ निघून गेलेली असते.

तुमच्याकडे किंवा ओळखीत पांढरा घोडा असेल, तर खरारा करताना महिन्यातून एकदा शेपटीखाली हात फिरवा. वाटाण्याएवढी गाठ लागली तरी पशुवैद्यकाला दाखवा. ती घरी कापू नका, डागू नका.