राखड आणि दूध

आमच्या गावात राख दोन प्रकारची. एक चुलीची. आई तिनं भांडी घासायची, बियाण्याला कीड लागू नये म्हणून मडक्यात मिसळायची. दुसरी वीजकेंद्राची. तिला आम्ही राखड म्हणतो. उन्हाळ्यात वारा सुटला की ती तलावावरून उडते आणि वाळवणावर, वांग्याच्या पानांवर, पाळण्यावर टाकलेल्या लुगड्यावर येऊन बसते. चुलीची राख आम्ही जपून ठेवायचो. ही न बोलावता घरात शिरते.

आपल्याकडचा कोळसा शंभर किलो जाळला तर तीस-चाळीस किलो राख उरते. तिच्यात शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम थोडं थोडं असतं. ती पाण्यात कालवून पाइपानं तलावात सोडतात. तलावाचा तळ पक्का नसला की पाणी झिरपतं. आणि आमची विहीर त्या तलावाच्या उतारावर आहे.

बिहारची बातमी आली तेव्हा शेजारची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मी अंगणवाडीत पंचवीस वर्षं काढलेली, म्हणून तिनं मला बोलावून घेतलं. हातात मोबाईल, डोळ्यांत पाणी. "मावशी, आईच्या दुधात युरेनियम निघालं म्हणते. मी पाजू का नको पाजू?"

बातमी खोटी नव्हती. बिहारच्या सहा जिल्ह्यांतल्या ४० आयांचं दूध तपासलं, सगळ्या नमुन्यांत युरेनियम सापडलं, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ते छापून आलं. पण दूध पाजणं थांबवू नका, हेही त्याच संशोधकांनी सांगितलं होतं. मोबाईलवाल्यानं तेवढंच गाळलं. इकडे सासूनं दुधाच्या पावडरचा डबा मागवलाही होता.

मी तिला म्हटलं, "डबा आणशीन, पण ती पावडर कालवशीन कशात? याच विहिरीच्या पाण्यात नं?"

हे मी नुसतं तिची समजूत काढायला बोलले नाही. आईच्या रक्तात शिसं असलं तरी त्याचा थोडासाच भाग दुधात उतरतो. विहिरीच्या पाण्यात शिसं असेल तर बाटलीतून ते थेट लेकराच्या पोटात जातं. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, शिसं मरत नाही. उलट पाणी आटतं आणि ते तेवढंच घट्ट होतं.

'लेकरांपायी हाडाची काडं केली' असं आपण आईबद्दल म्हणतो. शिशाच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. मोठ्या माणसाच्या अंगातलं बहुतेक शिसं हाडांत साठतं आणि तिथं कितीतरी वर्षं मुक्काम करतं. पोटुशीपणात आणि अंगावर पाजताना हाडांतला चुना सुटतो, त्याच्यासोबत तेही सुटतं. म्हणजे नऊ वर्षांची पोर असताना तिनं जे पाणी प्यायलं, त्याचा हिशेब तिच्या लेकराकडून वसूल होतो. पोटात चुना, लोह पुरेसं गेलं तर शिसं कमी शोषलं जातं. पण आमच्याकडं म्हशीचं दूध डेअरीला आणि बाळंतिणीला कोरा चहा! यात दोष आमचाही आहे, तो मी झाकत नाही.

आता पाण्याच्या तपासणीचं ऐका. जलजीवन योजनेत गावोगाव पाच बायांना पाणी तपासायला शिकवलं. आमच्या पाचांत मी आहे. माझ्याकडं तपासणीची पेटी आहे. थेंब टाकायचे, रंग बघायचा. क्लोरीन कळतं, फ्लोराइड कळतं, नायट्रेट कळतं, लोह कळतं. शिशाची बाटली त्या पेटीत नाही. आर्सेनिकची नाही, पाऱ्याची नाही. शिसं आणि पारा नेमके मोजायला प्रयोगशाळेतलं मोठं यंत्र लागतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको, असं सरकारचंच मानक सांगते. ते मोजायला आमच्या विहिरीवर आजवर कोणी आलं नाही.

ग्रामसभेत मी हे बोलले. उत्तर मिळालं, "बाई, पाणी पास हाये नं? तुमीच तर तपासलं!" माझ्याच सहीचा कागद त्यांनी माझ्या तोंडावर धरला. ज्याची परीक्षाच घेतली नाही, त्यात पास कसं काय?

डेअरीवर म्हशीच्या दुधाची फॅट दोन्ही वेळा काढतात, कारण त्यावर भाव ठरतो. आईच्या दुधाला भाव नाही, म्हणून ती काय पाणी पिते याची कोणाला फिकीर नाही. आणि उद्या काही निघालंच, तर पहिला सल्ला तिलाच देतील की पाजू नको. राखड सोडणारा मोकळा, तपासणी न करणारा मोकळा, पदर सावरून बसलेली बाई तेवढी दोषी!

आमच्या गावच्या दुधात विष आहे, असं मी म्हणत नाही. विहीर तपासल्याशिवाय 'पाणी पास' म्हणू नका, एवढंच म्हणते. राखड तलावाच्या भोवतालच्या प्रत्येक गावाचं पाणी वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, शिसं, आर्सेनिक, पारा यांसाठी तपासा. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. जास्त निघाले तर दुसरं पाणी द्या, आणि त्याचा खर्च ज्याची राख त्याच्याकडून घ्या.

त्या लेकीनं डबा परत केला. ती पाजते आहे. पाणी मात्र अजून त्याच विहिरीचं आहे, आणि पुढच्या 'पाणी पास'च्या कागदावर मी सही करणार नाही.