साडेसातच्या आत नेतृत्व

मुलगी इंजिनिअर झाली याचं हल्ली कुणाला नवल वाटत नाही. २०२४ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. चांगलंच झालं. पण फी माफ झाल्याने मुलीला वर्ग मिळतो. कॉलेज संध्याकाळी सहानंतरही चालू असतं. प्रयोगशाळा, लायब्ररी, बैठका, वादावादी सगळं तेव्हाच चालतं. त्या वेळी मुलगी कुठे असते? वसतिगृहात, हजेरीला.

बायोमेडिकल इंजिनिअरिंग शिकणारी एक मुलगी आमच्या शिबिरात आली होती. तालुक्याच्या गावातली, बोलायला जरा तिखट. तिच्या वसतिगृहातलं सॅनिटरी पॅड जाळायचं यंत्र वर्षभर बंद होतं. (बायकांच्या वापराचं यंत्र बंद पडलं की ते बंदच राहतं, हे आपण सरकारी दवाखान्यांतही पाहतो.) हिने ते उघडलं, कॉइल बदलली, चालू केलं. मग मुली तिच्याकडे येऊ लागल्या. अंगावरून जास्त जातं, पाळी चुकते, लघवीला जळजळ होते, असं सांगू लागल्या. तिने सह्या गोळा केल्या आणि आठवड्यातून एकदा बाई डॉक्टर वसतिगृहात याव्यात अशी मागणी लावून धरली. सहा महिने लागले, पण डॉक्टर येऊ लागल्या. कॉलेजच्या वार्षिक अंकात यातलं काही नाही. तिचा फोटो मात्र आहे, पाहुण्यांना ओवाळतानाचा. खाली लिहिलंय, ‘विद्यार्थिनी प्रतिनिधी’.

या पदाबद्दल थोडं बोललं पाहिजे. आपल्याकडे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजांतल्या थेट निवडणुका थांबल्या. गुणांवर आणि प्राचार्यांच्या पसंतीवर नेमणुका होऊ लागल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, पण २०१९ मध्ये त्या पुढे ढकलल्या गेल्या. गुंडगिरी होते म्हणून निवडणुका नकोत, असं म्हणणाऱ्या पालकांची भीती मला कळते. पण नेमलेल्या मुलीने जाब विचारायचा कुणाला? ज्यांनी नेमलं त्यांनाच? मग उरतं ते रांगोळी, निवेदन आणि स्वागत. मुलग्यांचे तांत्रिक महोत्सवाचे निर्णय रात्री दहाला कँटीनच्या कट्ट्यावर होतात. आपल्या मुलीला ते सकाळी समजतात, कारण तिचं फाटक साडेसातला बंद होतं. दिल्लीच्या मुलींनी २०१५ मध्ये ‘पिंजरा तोड’ म्हणत याच फाटकांवर बोट ठेवलं होतं.

या मुलीला आता डॉक्टर व्हायचंय. घरी सगळे अवाक. चार वर्षं इंजिनिअरिंग, त्यावर साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप. ‘मग लग्न कधी?’ हेच तिच्या भावाने ठरवलं असतं तर घराने त्याला जिद्दी म्हटलं असतं. दारं पूर्वी होती तेवढी बंद नाहीत. ‘नीट’ची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये उठली. अकरावीला बायॉलॉजी सोडलेल्यांना तो विषय बारावीनंतर जादा म्हणून देता येईल, असा निर्णय वैद्यकीय आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरात घेतला. तरी रस्ता एकतर्फीच आहे. डॉक्टराला अभियांत्रिकीकडे वळायला खरगपूरच्या आयआयटीत खास पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. इंजिनिअरला डॉक्टर व्हायचं तर पहिलीच्या बाकावरून सुरुवात.

मी तिला विचारलं, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या चांगल्या नोकऱ्या असताना हे कशाला? ती म्हणाली, “ताई, छाती दाबून हृदय चालू करायला शिकवतात ना, तो पुतळा सपाट छातीचा असतो. सगळे पुरुषावरच शिकतात. मग रस्त्यात बाई कोसळली की कुणी हात लावत नाही.” अमेरिकेत २०१७ मध्ये मांडलेल्या एका अभ्यासात हेच दिसलं. सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आसपासच्या माणसांनी अशी मदत केली, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. पुतळा बनवणाऱ्यांच्या टेबलावर आणि रुग्णाच्या खाटेजवळ, दोन्हीकडे तिला बसायचंय. सह्या गोळा करणं आणि डॉक्टर होणं तिला एकच काम वाटतं.

आपल्याकडे हे नवीनही नाही. आनंदीबाईंचं नाव सगळेच घेतात, मला इथे रखमाबाई आठवतात. नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारून त्या कोर्टात उभ्या राहिल्या, १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली आणि १८९४ मध्ये इंग्लंडात शिकून डॉक्टर झाल्या. भांडण आधी, पदवी नंतर.

फाटक पदवीनंतरही पाठ सोडत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टर मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. त्यावर बंगाल सरकारला सुचलेल्या उपायांपैकी एक म्हणजे शक्यतो बायकांना रात्रपाळी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात ते खोडायला लावलं. रात्रपाळी न केलेली मुलगी सर्जन कशी होणार?

मैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकजणी कॉलेजांच्या अंतर्गत तक्रार समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून बसतात. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार विद्यार्थ्यांचा संबंध असलेल्या प्रकरणात या समितीवर तीन विद्यार्थी हवेत, आणि तेही पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले. नेमलेले चालत नाहीत. पुढच्या बैठकीला गेलात की हजेरीपुस्तकावर सही करण्याआधी या तिघांची नावं विचारा, ती कुणी आणि कशी निवडली तेही विचारा. आणि बैठक संध्याकाळी सातची ठेवली असेल, तर त्या मुलींना फाटकातून आत कोण घेणार, तेही तिथेच लिहून घ्या.