परक्या सत्तांच्या डावासाठी आपली गल्ली पेटवू नका!

कोल्हापूरच्या बंधुभगिनींनो,

तेहरान, रियाध किंवा इस्लामाबादेत काही घडले की आपल्या मोबाईलवर दोन हाकाट्या सुरू होतात. एक म्हणते, "सगळे मुसलमान देश एक झालेत, आपल्याला घेरताहेत." दुसरी म्हणते, "सगळी उम्मत एक आहे, तिच्यासाठी रस्त्यावर उतरा." दोन्ही खोट्या आहेत. इतिहास तपासा.

१९१९ मध्ये मुंबईत खिलाफत समिती उभी राहिली. महायुद्धात हरलेल्या तुर्कस्तानचे तुकडे करू नका, खलिफाचे स्थान राखा, ही तिची मागणी. गांधीजी तिच्या पाठीशी उभे राहिले, हजारो लोक तुरुंगात गेले, बायकांनी अंगावरचे दागिने दिले. या चळवळीची धग इतकी होती की मार्च १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारनेच तुर्कस्तानशी झालेला तह बदलण्याची मागणी तारेने केली आणि ती तार प्रसिद्ध होऊ दिली म्हणून भारतमंत्री माँटेग्यू यांचे मंत्रिपद गेले. धर्माच्या नावाने उठलेली चळवळ साम्राज्याच्या परराष्ट्र धोरणालाही हादरे देऊ शकते, हे खरेच आहे.

पण ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत बुडवली कोणी? इंग्रजांनी नव्हे, तुर्कस्तानच्याच संसदेने! आगा खान आणि अमीर अली यांनी खलिफासाठी पाठवलेले विनंतीपत्र अंकाराला परक्यांची लुडबुड वाटले. आपल्या लोकांचा त्याग तिकडे कुणाच्या खिजगणतीत नव्हता. इथे मात्र हिंदू-मुसलमानांत अविश्वास वाढला आणि त्या दशकात शहरामागून शहर दंगलीत होरपळले.

पुढेही तेच. १९६९ मध्ये रबातच्या इस्लामी शिखर परिषदेला भारताला बोलावले गेले. पाकिस्तानचे याह्या खान अडून बसले आणि आपल्या शिष्टमंडळाला बाहेर राहावे लागले. २०१९ मध्ये त्याच परिषदेतून उभ्या राहिलेल्या संघटनेने अबुधाबीत सुषमा स्वराज यांना सन्माननीय पाहुण्या म्हणून बोलावले, तेव्हा बहिष्कार पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी घातला. धर्म तोच होता, हिशेब बदलला होता.

१९७९ च्या क्रांतीनंतर इराण आणि सौदी अरेबिया इस्लामचे पुढारपण आपल्याकडे यावे म्हणून झगडत राहिले. दोघांनी देशोदेशी आपापल्या गटांना पैसा पुरवला. पण १९९४ मध्ये जिनिव्हात काश्मीरवरून भारताविरुद्ध ठराव आणायची पाकिस्तानची खटपट चालली होती, तेव्हा ती हाणून पाडायला इस्लामी क्रांतीचे इराणच आपल्या कामी आले! मार्च २०२३ मध्ये तर इराण आणि सौदी यांनी बीजिंगमध्ये, कम्युनिस्ट चीनच्या मध्यस्थीने समेट केला. चळवळीची घोषणा धर्माची असते. राज्यकर्ते तिला वापरतात, भितात आणि सोयीने सोडून देतात.

आता आपल्याकडे पाहा. ७ जून २०२३ रोजी मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावे लागले. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरे फोडली, मशिदीची नासधूस केली. नुकसान कोणाचे झाले? हातावर पोट असलेल्यांचे, दुकानदारांचे, शिकणाऱ्या पोरांचे.

हे शाहू महाराजांचे कोल्हापूर आहे. १९०६ मध्ये त्यांनी मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली. याच जिल्ह्यात, कुरुंदवाडला, मशिदीत गणपती बसतो. तो वारसा आपण कशापायी गमवायचा?

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे.

१. हिंदू बांधवांनो, दूरच्या कोणत्याही सरकारच्या करणीचा जाब शेजारच्या मुसलमानाला विचारू नका. तो कोल्हापूरचा आहे.

२. मुस्लिम बांधवांनो, अन्यायाविरुद्ध जरूर बोला; पण कोणत्याही परकीय सत्तेला आपला कैवारी मानू नका. १९२४ विसरू नका.

३. पुढाऱ्यांनो, परदेशातल्या लढाया इथल्या मतांसाठी विकणे थांबवा.

खात्री न केलेला एकही संदेश पुढे पाठवू नका. हे पत्रक वाचा, शेजाऱ्याला द्या आणि चिथावणी देणाऱ्याला गल्लीच्या तोंडावरच अडवा!

आपले,
कोल्हापूरचे काही नागरिक