गुरुजी शाळा का सोडून जातात?



शिक्षक नोकरी सोडतात तेव्हा राजीनाम्यात बहुधा एकच कारण लिहिलेले असते : 'घरगुती अडचण'. विश्वस्त मंडळ राजीनामा मंजूर करते, शाल-श्रीफळ देऊन निरोप देते आणि विषय संपतो. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या आपल्या सीमाभागात मराठीतून शिकवणारा चांगला शिक्षक मिळणे आधीच कठीण. तरीही मिळालेला का गेला, हे कोणी विचारत नाही. गेलेला शिक्षक दलित असेल तर मुळीच नाही. कारण उत्तर आपल्याला ठाऊक असते.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातील एका शाळेत गणिताचे एक गुरुजी होते. मुलांचे आवडते. गावात खोली पाहायला गेले की घरमालक आधी आडनाव विचारीत आणि मग 'आमच्याकडे पाहुणे येणार आहेत' म्हणत. शेवटी रोज बसने जाणे-येणे सुरू झाले. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कोणी त्यांना 'या सर' म्हणत नसे. 'येऊ नका' असेही कोणी म्हणाले नाही, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? शिष्यवृत्तीचे अर्ज आणि 14 एप्रिलचा कार्यक्रम ही कामे मात्र न विचारता त्यांच्याकडे. चौथ्या वर्षी ते गेले. राजीनाम्यात घरगुती अडचणच होती. एका परीने ते खरेच. घर मिळत नव्हते!

विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट नवी नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकायला इतर कॉलेजांतले विद्यार्थीही येत. पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी प्यावे, याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. मार्च 1920 मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते, हे कारण खरेच होते. पण ते भांडेही खरे होते.

मनावरचा असा घाव भरतो कसा? बाबासाहेबांनी तो कामाने भरला, असे आम्हांस वाटते. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, 1925 मध्ये तिचे सोलापूरचे वसतिगृह, 1927 मध्ये महाडचे चवदार तळे. म्हणजे भांड्याचा प्रश्न थेट तळ्यावर नेला. 1928 मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयात पुन्हा शिकवू लागले आणि 1935 मध्ये तेथेच प्राचार्य झाले. 1945 मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली आणि 1950 मध्ये तिचे महाविद्यालय औरंगाबादला निघाले. तेव्हा औरंगाबाद, बीदर आणि गुलबर्गा एकाच हैदराबाद राज्यात होते. ते आज 'मिलिंद' नावाने ओळखले जाते.

अमेरिकेतही असे घडले आहे. 1954 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. पुढे काळ्यांच्या शाळा बंद होत गेल्या, मुले गोऱ्यांच्या शाळांत गेली, पण त्यांच्या शिक्षकांना तेथे घेतले नाही. 1965 पर्यंत सुमारे 38 हजार काळे शिक्षक व मुख्याध्यापक नोकरीला मुकले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्ग एक झाले, शिक्षकांची खोली एक झाली नाही.

'आपल्या शाळेत जातपात नाही, हा विषय कशाला?' असे काही पालक म्हणतील. वर्गात नसेलही. पण बसवण्णांच्या कल्याणपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आपण, एका गणिताच्या मास्तरांना खोली देऊ शकलो नाही, याचे काय?

ते गुरुजी आम्हांस अलीकडे भेटले. शाळा सोडल्यावर दोन वर्षे शाळेची घंटा ऐकू आली तरी रस्ता बदलत असे, म्हणाले. मग वस्तीतल्या चार मुलांनी दहावीचे गणित विचारले. आता संध्याकाळी समाजमंदिरात तीस मुले बसतात. फी नाही. शाळेत परत याल का, असे आम्ही विचारले. ते हसले, उत्तर दिले नाही.

विश्वस्तांना आमची विनंती आहे की, राजीनामा मंजूर करण्यापूर्वी एका सदस्याने त्या शिक्षकाच्या घरी जाऊन निवांत बोलावे आणि शिष्यवृत्तीचे व जयंतीचे काम सर्वांनी पाळीपाळीने करावे. जूनमध्ये नवे शिक्षक रुजू होतील. ज्या पालकांकडे भाड्याने देण्याजोगी खोली आहे, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. भाडेकरूचे आडनाव विचारायचे नाही, एवढी एकच अट.