मोजणीत न येणारे मरण

जगात युद्धे कमी होत चालली आहेत, असे विद्वान सांगतात. स्टीव्हन पिंकर यांनी २०११ साली यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. लोकसंख्येच्या मानाने दुसऱ्या महायुद्धानंतर रणांगणावरचे मरण घटत गेले, हे खरे आहे. २०२२ साली युक्रेन आणि इथिओपियातल्या युद्धांनी आकडा पुन्हा वर नेला, तरी लांबचा कल उताराचाच, असे ते म्हणतात. आपण याला विरोध कशाला करायचा? लढाई टळली तर आनंदच आहे. आपला प्रश्न मोजपट्टीचा आहे.

ती मोजपट्टी घेऊन मेळघाटात या. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांच्या शिबंदीची कत्तल केली. गड पडतो असे दिसताच आतल्या राजपुतांनी अब्रूच्या नावाखाली आपल्याच बायका-मुलींवर शस्त्र चालवले. म्हणजे त्या दिवशीही बाईचा शत्रू फक्त तटाबाहेर नव्हता. तशी लढाई या डोंगरांनी पुन्हा पाहिली नाही. मोजपट्टीप्रमाणे इथे शांतता आहे.

आता धारणी तालुक्यातल्या कोरकू आईला विचारा. १९९३ च्या पावसाळ्यात मेळघाटात शेकडो मुले दगावली. तोफेचा एकही गोळा सुटला नव्हता. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे होळीला परततात. पावसाळा येईतो घरातले धान्य सरते, गावात काम नसते, नाल्यांना पूर येतो, दवाखाना दूर राहतो. कमी वयात लग्न झालेली, अंगात रक्त नसलेली बाई कमी वजनाच्या बाळाला जन्म देते. मग एक हगवण किंवा एक न्यूमोनिया पुरतो. कागदावर न्यूमोनिया लिहिला जातो, भूक कधीच लिहिली जात नाही.

आणि दोष कोणाचा? आईचा! ती अडाणी, अंधश्रद्ध, बाळाला भूमकाकडे घेऊन गेली. भूमका गावात असतो. डॉक्टर गावात नसेल तर तिने जायचे कुठे, हे विचारायची कोणाला गरज वाटत नाही. १८०३ साली अब्रूसाठी तिच्यावर वार झाला, आज व्यवस्थेची अब्रू वाचवण्यासाठी तिच्यावर आरोप होतो.

लढाईतले मृत मोजायला जगात संस्था आहेत. आपल्याकडे १३ संस्थांना मिळून गावोगाव बालमृत्यू मोजावे लागले. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या त्यांच्या अहवालाने दाखवले की सरकारी नोंदींपेक्षा खरे मृत्यू कितीतरी अधिक आहेत. जे मोजलेच नाही ते घटले की वाढले, हे कोणी कसे सांगावे?

नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९६९ सालीच म्हटले होते की अठराव्या शतकात कोणी क्षयाने मेला तर ती हिंसा म्हणता येणार नाही, पण उपाय हाताशी असताना आज कोणी मेला तर ती हिंसाच. धारणीतली मरणे या जातीची आहेत. सलाईन आहे, लस आहे, धान्याची कोठारे आहेत. ती वेळेवर पोचत नाहीत, एवढेच.

युद्धे घटली असतील तर ती आपोआप घटलेली नाहीत. पहिले महायुद्ध पेटलेले असताना १९१५ साली हेग येथे बारा देशांतल्या अकराशेहून अधिक बायका जमल्या आणि शांततेची मागणी करू लागल्या. त्यांची हेटाळणी झाली. पण युद्ध म्हणजे नशीब नव्हे, हे त्यांनी जगाला सुनावले. मग उपासमार तरी नशीब कशी?

म्हणून मैत्रिणींनो, आपली मागणी साधी आहे. प्रत्येक माता-मृत्यू आणि बालमृत्यू कारणासह ग्रामसभेत वाचून दाखवा. पावसाळ्याआधी गावात काम आणि रेशन पोचवा. दवाखान्यातल्या रिकाम्या जागा भरा. आणि मेलेल्या बाळाच्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे थांबवा.

हे होईपर्यंत शांततेचे आकडे आम्हाला सांगू नका. धारणीत या आणि आधी मोजायला बसा.